जर्मनीला निघणाऱ्यांना टपालातली जर्मनही शिकवा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. तेव्हापासून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी इकडे जर्मनीत येऊ इच्छिणारे अनेक तरुण माझ्याकडे चौकशी करतात. बी-१ किंवा बी-२ या पातळीची जर्मन भाषेची परीक्षा आपल्याला जमेल का, ही बहुतेकांची पहिली चिंता असते आणि ती रास्तच आहे. परंतु इतकी वर्षे या देशात राहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, नवागताचे पहिले वर्ष ज्या जर्मन भाषेवर तरते किंवा अडते, ती वर्गात जवळजवळ शिकवलीच जात नाही. ती टपालाने घरी येते.

येथे उतरल्यावर पहिले काम आनमेल्डुंगचे, म्हणजे राहत्या पत्त्याची पालिकेत नोंद करण्याचे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंद करावी लागते आणि त्यासाठी नुसता भाडेकरार पुरत नाही. घरमालकाच्या सहीचे 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचे वेगळे पत्र लागते. ते देणे २०१५ पासून घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, पण हे ठाऊक नसलेला नवखा माणूस ते मागायलाच कचरतो. नोंद झाल्यावर काही आठवड्यांत ११ अंकी श्टॉयर-आयडी, म्हणजे करासाठीचा ओळख क्रमांक, टपालाने येतो. तो कंपनीला वेळेवर दिला नाही, तर पगारावर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जड दराने, कर कापला जाऊ शकतो. आणि टपाल येथे फ्लॅटच्या क्रमांकावर नव्हे, पत्रपेटीवरच्या नावावर पोचते. पेटीवर आपले आडनाव नसेल तर पत्र परत जाते आणि ते आले होते याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

सर्वाधिक काळजी मला 'बेशाइड'ची वाटते. सरकारी कार्यालयाने आपल्याबाबत घेतलेला लेखी निर्णय म्हणजे बेशाइड. कधी तो पिवळ्या पाकिटातून येतो. त्या पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते आणि पाकीट पेटीत पडले की ते तुम्हाला मिळाले, असेच कायदा मानतो. तुम्ही ते उघडले की नाही, हे कोणी विचारत नाही. म्हणून पाकीट फेकू नये. पत्राच्या शेवटी, बहुतेक जण वाचायचे सोडून देतात त्या ठिकाणी, 'रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग' नावाचा परिच्छेद असतो. हा निर्णय मान्य नसेल तर कोठे, किती मुदतीत आणि कशा स्वरूपात हरकत घ्यायची, हे त्यात सांगितलेले असते. सर्वसाधारण मुदत एक महिन्याची असते. हरकतीला प्रशासकीय बाबतीत 'विडरश्प्रुख' आणि करांच्या बाबतीत 'आइनश्प्रुख' म्हणतात. मुदतीत दोन ओळींची सही केलेली हरकत पोचवून सविस्तर कारणे नंतर देता येतात, हे अनेकांना माहीत नसते. साधा ई-मेल मात्र प्रशासकीय हरकतीसाठी सहसा चालत नाही. पूर्ण पत्र समजले नाही तरी चालेल, पण 'फ्रिस्ट' म्हणजे मुदत हा शब्द दिसताच तारीख लिहून ठेवण्याची सवय प्रत्येकाला लागलीच पाहिजे.

दुसरा कागद फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंगचा. निवासाचा परवाना संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केला आणि निर्णय लांबला, तर मधल्या काळासाठी हे प्रमाणपत्र मिळते. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ची उपकलमे छापलेली असतात आणि त्यांपैकी एकापुढे खूण केलेली असते. चौथ्या उपकलमापुढे खूण असेल तर जुना परवाना पुढे चालू समजला जातो आणि देशाबाहेर जाऊन परत येता येते. तिसऱ्यापुढे असेल तर केवळ त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. घरी वडील आजारी आहेत म्हणून घाईने विमानाचे तिकीट काढणाऱ्या माणसाचे पुढचे आयुष्य त्या एका लहानशा चौकोनावर अवलंबून असते. हे त्याला कोणीतरी आधी सांगायला नको का?

परिचारिकांची गोष्ट आणखी वेगळी. पात्रतेच्या मान्यतेसाठी अर्ज केल्यावर त्यांच्या हाती बहुधा 'डेफिसिटबेशाइड' पडतो. ते नाव वाचून आपल्याला नाकारले गेले, असे समजून रडवेल्या झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. वस्तुतः तो नकार नव्हे. भारतातील आणि येथील अभ्यासक्रमांत कोणता फरक आहे, हे त्यात लिहिलेले असते आणि तो फरक पूरक प्रशिक्षणाने किंवा ज्ञानपरीक्षेने भरून काढण्याचा मार्गही दिलेला असतो. याच कागदाच्या आधारे त्या प्रशिक्षणासाठी व्हिसा मागता येतो.

रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र तर पुष्कळांना फसवणूकच वाटते. ती फसवणूक नाही. दरमहा १८.३६ युरोचे हे शुल्क घरटी आकारले जाते, घरात टीव्ही असो वा नसो, आणि एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचे असते. बोलीतले शब्दही असेच अडवतात. आजारपणाच्या दाखल्याला सहकारी अजून 'गेल्बर शाइन', म्हणजे पिवळा कागद, म्हणतात; प्रत्यक्षात सरकारी आरोग्यविमा असलेल्यांसाठी २०२३ पासून ती नोंद कंपनीपर्यंत संगणकावरूनच जाते, परंतु आजारी असल्याचे कंपनीला ताबडतोब कळवण्याची जबाबदारी आपलीच राहते. 'हाल्ब द्राय'ला, शब्दशः 'अर्ध्या तीन'ला, बोलावले तर अडीचला जायचे, साडेतीनला नव्हे.

ही पत्रे इतकी अवघड असण्याचे कारण मला समजते. ती न्यायालयात टिकावीत अशा बेताने लिहिलेली असतात. समोर बसणारी माणसे पुष्कळदा सौजन्याने वागतात, पण पत्राची भाषा सोपी करून सांगण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. म्हणून ही तयारी निघण्यापूर्वी व्हायला हवी. शासनाच्या पुढाकाराने जे वर्ग चालतात, त्यांत निदान अखेरचे काही तास खऱ्या पत्रांसाठी राखून ठेवावेत: एक बेशाइड, एक घरभाड्यासोबतच्या इतर खर्चांचा वार्षिक हिशेब, एक 'माहनुंग' म्हणजे थकबाकीचे स्मरणपत्र. मुलांनी त्यांतून तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि मुदत शोधून दाखवावी. येथे आल्यावर कारितास, डियाकोनी, आवो अशा संस्थांमार्फत चालणारी स्थलांतरितांसाठीची सल्लाकेंद्रे मोफत मदत करतात. त्यांची नावेही निघण्यापूर्वीच वहीत लिहून दिली पाहिजेत.

येथे स्थिरावलेल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्या कपाटात अशा पत्रांच्या फायली भरलेल्या असतील. त्यांतील नाव, पत्ता आणि क्रमांक काळ्या शाईने पूर्ण झाकून त्यांच्या प्रती महाराष्ट्रात जर्मन शिकवणाऱ्या आपल्या ओळखीच्या शिक्षकांना पाठवा आणि प्रत्येक पत्रासोबत, ते मिळाल्यावर तुम्हाला नेमके काय करावे लागले, हे मराठीत चार ओळींत लिहा.