रॅम्प असा बांधा, की कुणी चढणार नाही

हॉटेल, संग्रहालय किंवा सहलींचा धंदा काढलाय आणि 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावायची आहे? खुशाल लावा. पाटीला रॅम्पइतकी जागा लागत नाही.

तरीही रॅम्प बांधावाच लागला, तर उताराचं ते १:१२ चं प्रमाण फार मनावर घेऊ नका. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार? शुद्ध उधळपट्टी! हातभरात उरका. व्हीलचेअर वर गेली नाही तरी खाली नक्की येते, आणि चांगल्या वेगात येते. रॅम्पची जागा मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. तिथल्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला.

फोनवर कुणी विचारलं, "व्हीलचेअर आत येते का?", तर ठोकून द्या, "हो हो, सगळी सोय आहे. दोनच पायऱ्या आहेत, आमची पोरं उचलतील." विजेवर चालणाऱ्या खुर्चीचं वजन शंभर किलोच्या वर जाऊ शकतं, हे पोरांना ऐनवेळी कळलेलं बरं. खुर्चीतल्या माणसाला उचलून घ्यायचंय का, हे विचारण्याच्या भानगडीत पडू नका. वेबसाइटवर दारांची रुंदीही देऊ नका. स्विमिंग पूलचे फोटो पुरेत.

दिव्यांगांसाठी एक खास खोली मात्र ठेवा. जास्तीच्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या कुठे ठेवणार नाहीतर? कमोडशेजारचा आधाराचा दांडा टॉवेल वाळत घालायला उत्तम. मदतीसाठी ओढायची लाल दोरी जमिनीपर्यंत लोंबते, फरशी पुसताना मधे येते. ती गुंडाळून वर बांधा. घसरून पडलेल्या माणसाने उठून ओढावी की!

अंधांना पायाने वाट कळावी म्हणून उठावदार फरश्या हव्यातच. जपानमध्ये सेईइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. तुम्ही त्या थेट विजेच्या खांबापर्यंत न्या. बहिऱ्यांसाठी सगळ्या सूचना लाउडस्पीकरवरून द्या. आणि बरोबर कुणी असेल तर त्यालाच विचारा, "यांना काय काय बघायचंय?"

"जुन्या वास्तूला हात लावता येत नाही" हे वाक्य पाठ करून ठेवा. एखादा आगाऊ माणूस अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसचं, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन देवळांचं, नाव काढेल. तिथे २००४ साली लिफ्ट आली, २०२० मध्ये तिच्या जागी नवीही आली. अशा वेळी विषय बदलावा.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं तिसावं कलम पर्यटनस्थळी जाता येणं हा हक्क धरतं. तुम्ही त्याला सेवाभाव म्हणा. हक्क द्यावा लागतो, सेवाभावाचे फोटो काढता येतात. जगात साधारण सहांतल्या एकाला लक्षणीय अपंगत्व आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यावर बेधडक म्हणा, "आमच्याकडे तसं कुणी येतच नाही." खोटंही नाही ते. येणार कुठून?

शेवटी सगळ्याची तपासणी करून प्रमाणपत्र भिंतीवर लावा. तपासायला धडधाकट माणूसच बोलवा. व्हीलचेअरवरचा आला, तर तो बाथरूम वापरून बघतो.