गृहनिर्माण खातं मिळालंय? घाबरू नका, आकडा सांगा

सगळ्यात आधी अभिनंदन. खातेवाटपात गृहनिर्माण आलं म्हणून तोंड पाडून बसू नका. लोक महसूल आणि नगरविकाससाठी रुसून गावी शेतावर जाऊन बसतात हे खरंय, पण याच्याइतकं आरामाचं खातं दुसरं नाही, कारण इथे तुम्हाला फक्त टार्गेट उभं करायचंय आणि टार्गेटला ना सिमेंट लागतं, ना ओसी (इमारतीत राहायला जायचा दाखला), ना लिफ्ट.

पहिल्या आठवड्यात आकडा सांगून टाका. उशीर केलात तर पत्रकार मागच्या मंत्र्याच्या आकड्याचं काय झालं ते विचारायला लागतात. आकडा कसा काढायचा ते आपल्याकडच्या थोरामोठ्यांकडून शिका. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीने मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं द्यायचं म्हटलं होतं, म्हणजे साधारण आठ लाख घरं, आणि त्यासाठीच एसआरए नावाचं झोपडपट्टी पुनर्वसनाचं प्राधिकरण काढलं. आज तीस वर्षं झाली, त्यातली निम्मीही झाली नाहीत, पण आकडा बघा अजून लोकांच्या तोंडात आहे की नाही? घरं पडतात हो, आकडा पडत नाही.

अगदी ताजं उदाहरण हवं तर २०२५ चं राज्याचं गृहनिर्माण धोरण वाचा. २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि गुंतवणूक ७० हजार कोटी. मी रिकामटेकडा माणूस, मोबाईलवर भागाकार केला तर घरामागे दोन लाख आले. दोन लाखात आमच्याकडे बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाईल्स होतात, तेही मिस्त्री ओळखीचा असेल तर. आणि पाच वर्षांत ३५ लाख म्हणजे रोज एकोणीसशे घरं बांधायला लागली, त्यात रविवार आला, गणपती आले, आचारसंहिता आली. तुम्ही असले भागाकार करू नका. भागाकाराने आजवर कोणाचं भलं झालं नाही.

आता वर्ष. वर्ष नेहमी लांबचं आणि कानाला बरं वाटणारं घ्यायचं. केंद्राने २०१५ ला पंतप्रधान आवास आणली तेव्हा २०२२ पर्यंत सर्वांसाठी घर असं ठरलं, स्वातंत्र्याची ७५ वर्षं, एकदम बरोबर. मग २०२२ आलं, तशी मुदत २०२४ पर्यंत गेली, पुढे त्याच योजनेची २.० आली. वर्ष आलं की त्याला आणखी पुढे बसायला सांगायचं, एसटीत म्हाताऱ्या बाईला जागा देताना सगळे एकेक सीट सरकतात तसं.

आणि मोजताना क्रियापद जपून वापरा बरं का. घर आधी 'मंजूर' होतं, मग 'ग्राउंडेड' होतं, म्हणजे काम सुरू होतं, मग 'पूर्ण' होतं, आणि मग कधीतरी कोणीतरी त्यात राहायला जातं. तुम्ही कायम पहिलं क्रियापद धरा, जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात. विरोधकांनी शेवटचं विचारलं तर म्हणा राजकारण करू नका. शिवाय आवासमध्ये एक फार सुंदर सोय आहे, सगळ्यात जास्त घरं ज्या घटकात निघाली तो म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः बांधा, आम्ही अनुदान देतो. म्हणजे घर मिळवायची पहिली पायरी, जमीन असणे. दुसरा घटक होता व्याजात सवलतीचा, त्याला आधी बँकेने कर्ज द्यायला हवं, आणि बँक कर्ज देते पगाराची स्लिप बघून. विक्रोळीच्या टेकडीवर राहणाऱ्या घरकामवाल्या ताईंकडे दोन्ही नाही, त्यामुळे त्या तुमच्या आकड्यात येतच नाहीत, त्यामुळे आकडा बिघडत नाही.

तरी काही लोक उरतातच. त्यांच्यासाठी कट-ऑफ डेट. ही खरी कमाल आहे, इथे एक वीट न लावता गरज कमी करता येते. आधी १ जानेवारी १९९५ च्या आधीची झोपडी मोफत घराला पात्र होती, मग १ जानेवारी २००० झालं, मग २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख भरून. तारीख कधी हलवायची हे तुम्हाला मी सांगायला नको, निवडणूक आयोग कळवतोच. आणि झोपडीच्या माळ्यावर जो राहतो त्याला शक्यतो मोजायचं नाही, त्याच शिडीने चढतो, त्याच नळाला रांग लावतो, पण कागदावर तो हवेत राहतो.

भाड्याची घरं काढा असं कोणी शहाणा सांगेल. तेही झालंय. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, भाड्याची योजना आणली, पाच वर्षांत पाच लाख घरं, प्रत्येकी १६० चौरस फूट. १६० म्हणजे किती, तर कॉट टाकली की पाहुण्याने उभं राहायचं. पाच लाख कुठे गेली विचारू नका, पण जी थोडी बांधली गेली त्यातली पनवेलजवळच्या कोन गावातली घरं दोन-दोन जोडून ३२० फुटांची केली आणि २०१६ ला गिरणी कामगारांच्या लॉटरीत टाकली. १९८२ च्या संपातले कामगार, लॉटरी लागली तेव्हा नातवंडं कॉलेजात. पुढे चाव्या मिळायच्या आधी कोरोना आला तर त्याच इमारतींत क्वारंटाईन सेंटर. म्हणजे एकच घर एकदा भाड्याच्या योजनेत, एकदा गिरणी कामगारांच्या योजनेत आणि एकदा आरोग्य खात्याच्या कौतुकात मोजता येतं. असं घर जपून ठेवावं.

बांधायचीच वेळ आली तर चेंबूरजवळच्या माहुलसारखं बांधा. रिफायनरीला खेटून. तिथे पाण्याच्या तानसा पाईपलाईनवरच्या झोपड्यांतली कुटुंबं नेऊन ठेवली, लोकांना श्वास घेता येईना, प्रकरण हायकोर्टात, आणि २०१९ ला कोर्टाने पालिकेला सांगितलं की दुसरीकडे घर देत नसाल तर यांना महिना पंधरा हजार भाडं आणि पंचेचाळीस हजार डिपॉझिट द्या. घर असूनही बाहेर राहायला भाडं द्यायचं, जगात कुठे झालंय का असं! पुढे रिकामी घरं पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. त्यांनी कशी झुंबड उडवली असेल याची कल्पना तुम्ही करा.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका, कारण हे तुमच्या सगळ्यात कामाचं. भाडं सरकारने कधीच द्यायचं नाही. ते बिल्डरवर टाकायचं. झोपडी तोडली, चाळ तोडली की नवीन घर होईपर्यंत बिल्डरने भाडं द्यावं असा नियम आहे, दोन वर्षांचं आगाऊ वगैरेही आता लिहून ठेवलंय, छान आहे. गोरेगावच्या पत्राचाळीत, म्हाडाची, म्हणजे सरकारच्याच गृहनिर्माण संस्थेची स्वतःची वसाहत हो ती, ६७२ कुटुंबं, २००८ चा करार, घरं रिकामी करून दिली आणि काही वर्षांनी भाडंच बंद. २०१८ ला बिल्डरला काढलं. दहा वर्षांत माणसाची एक पिढी भाड्याच्या खोलीत वाढते, पण फाईलमध्ये ती वसाहत सगळा वेळ 'पुनर्विकास प्रगतीपथावर' होती.

आमच्या मावशीचं तसंच. परळला तिची चाळ, कुठल्या बिल्डरने घेतली ते जाऊ दे. सुरुवातीला पेढे, मॉडेल, टू बीएचकेचं स्वप्न, महिन्याचे चेक. चेक चौदा महिने आले. पंधरावा आला तो बाउन्स झाला आणि मग ऑफिसातला फोन उचलणारा मुलगा बदलला. तेव्हापासून मावशी दर अकरा महिन्यांनी घर बदलते. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, नवीन डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, कपाट उतरवताना एक पाय मोडतो, गॅसचा पत्ता, काकांचं डायलिसिस कुठल्या हॉस्पिटलला जवळ पडेल ते बघणं. परळहून काळाचौकी, मग चिंचपोकळी, मग भांडुप, आता दिवा. शेवटच्या दोन वेळी तर लोकल बरीच स्टेशनं लांब. तिला मी म्हटलं, मावशी तुझं तर बरंय, दिव्यापर्यंत सगळी मुंबई फिरून झाली, तर तिने चहाचा कप माझ्यापुढून उचलून घेतला.

तिच्यासारख्यांचं काय करायचं हा प्रश्न तुम्हाला पडेल, पडू देऊ नका. ती बेघर नाही, कारण ती भाड्याने राहते. ती झोपडपट्टीत नाही, कारण चाळ होती. तिला योजनेतून नवीन घर लागत नाही, कारण तिचं घर आधीच एका प्रकल्पात 'मंजूर' आहे. तुमच्या ३५ लाखांत असली माणसं प्रॉब्लेम करतच नाहीत, फार तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गणपतीचा फोटो आणि 'भाड्याचं काय झालं' असा एक मेसेज, खाली सात अंगठे.

लॉटरी मात्र दरवर्षी काढा. टीव्हीवर दिसते, लोक देवाला नवस बोलतात, दोष सरकारला न जाता नशिबाला जातो. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. त्यातच ताडदेवला एक घर ७ कोटी ५७ लाखांचं होतं. म्हाडाचं. सर्वसामान्यांनी असं मोठं स्वप्न बघायला काय हरकत आहे, ईएमआय बघू नये फक्त.

बाकी एक छोटी गोष्ट तुमच्या पीएला सांगून ठेवा. मावशीने रेशनकार्डावरचा आणि मतदार यादीतला पत्ता अजून बदललेला नाही, पुढे पात्रता काढतील तेव्हा पुरावा लागेल म्हणून. त्यामुळे तिची सगळी टपालं त्या मोकळ्या प्लॉटच्या वॉचमनकडे येतात, पत्र्याच्या केबिनमध्ये, आणि महिन्यातून एकदा ती दिव्याहून परळला जाऊन घेऊन येते. मागच्या वेळी त्यात तुमच्या पक्षाची एक पत्रिका होती. नवीन बिल्डर आलाय, त्याच प्लॉटचं पुन्हा भूमिपूजन आहे, तुमच्या शुभहस्ते. वॉचमन म्हणाला, मावशी लवकर या, मागच्या वेळी तुम्हाला खुर्ची मिळाली नव्हती.