मामांची गाडी, हिरव्या गोळ्या आणि तो कॅटॅलिस्टवाला फॉरवर्ड

मागच्या रविवारी सकाळी मामीचा फोन आला, "अगं, हे गाडीचा कसला तरी डबा कापून घ्यायला गॅरेजला गेलेत, तू केमिस्ट्रीवाली ना, जरा बघ." कणीक तशीच ठेवली, ॲक्टिव्हा काढली आणि बडोद्याच्या वाडी भागातल्या त्या गॅरेजवर पोचले तर मामांची गाडी जॅकवर चढलेली, खाली पोरगा ग्राइंडर घेऊन आडवा झालेला आणि मामा बाजूला खुर्चीवर मसाला चहा पीत निवांत. कापायचं होतं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा विषारी धूर साफ करणारा डबा. मेकॅनिक मलाच समजावतो, "बेन, आ तो बधा कढावे छे," म्हणजे ताई, हे तर सगळेच काढून घेतात, वर जुना पीस त्यालाच दिला तर साडेतीन हजार देणार म्हणे. ग्राइंडर सुरू व्हायला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून डबा वाचला.

या सगळ्याच्या मुळाशी एक फॉरवर्ड आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो तीन वेळा आलाय, एकदा तर मामांनी स्वतःच टाकलाय, त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकते. फॉरवर्डमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: कॅटॅलिस्ट (म्हणजे उत्प्रेरक) कधीच संपत नाही म्हणजे ती फुकटची ऊर्जा आहे. टाकीत एक "नॅनो कॅटॅलिस्ट" गोळी टाकली की ॲव्हरेज ४० टक्के वाढतं. गाडीतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपन्यांनी मुद्दाम पेट्रोल जास्त जाळायला बसवलंय, ते काढून टाका आणि आतलं प्लॅटिनम विका. जगभरचे कॅटॅलिस्टवाले शास्त्रज्ञ एकमेकांना सांभाळून घेणारी टोळी आहे, तेल कंपन्यांच्या पैशावर जगतात म्हणून हे दाबून ठेवतात. आणि शेवटी, आपल्या देशात एका माणसाने पाण्यापासून पेट्रोल केलं होतं, त्याला तुरुंगात टाकलं. खाली हात जोडलेले सहा इमोजी आणि गोळ्या मागवायचा नंबर.

मामांनी गोळ्या मागवल्या. आठशे रुपयांत दहा. मटाराएवढ्या, हिरव्या, पुडी उघडली की डांबरगोळीचा वास. पुडीवर आत काय आहे ते कुठेही लिहिलेलं नाही, फक्त एक रॉकेटचं चित्र आणि सूचना: "दर फुल टँकला एक गोळी." मामा, आता तुम्हीच सांगा, जो कॅटॅलिस्ट कधीच संपत नाही तो दर टाकीला नवा का घालायचा? फॉरवर्डचा पहिला मुद्दा आणि पुडीवरची सूचना, दोघांची आपसातच जुंपलीय, मी मध्ये पडायची गरजच नाही.

पण पडतेच, कारण या पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. उत्प्रेरक रिॲक्शनमध्ये भाग घेतो आणि शेवटी मोकळा होतो हे बरोबर. मात्र तो ऊर्जा देत नाही, फक्त वाट सोपी करतो. पावागडच्या पलीकडच्या गावी जायचं तर डोंगर चढून उतरा नाहीतर कोणी बोगदा पाडून दिला तर त्यातून जा, बोगद्याने दम कमी लागेल, लवकर पोचाल, पण पलीकडचं गाव जेवढं खाली आहे तेवढंच खाली राहणार. विल्हेल्म ओस्टवाल्डला १९०९ चं नोबेल मिळालं त्यात हीच गोष्ट होती, कॅटॅलिस्ट रिॲक्शनचा वेग बदलतो, ती शेवटी जिथे थांबते तो समतोल बदलत नाही. लिटरभर पेट्रोलात जेवढी ऊर्जा आहे तेवढीच आहे, गोळी टाका नाहीतर गंगाजल.

आणि "कधीच संपत नाही" हे तर बडोद्यात बसून कोणी म्हणूच नये. इकडे कोयलीची रिफायनरी, तिकडे बाजव्याला खताचा कारखाना, अर्ध्या मराठी घरांत कोणीतरी शिफ्ट करून आलेलं असतं. रिफायनरीत जड तेल तोडून पेट्रोल करणाऱ्या क्रॅकिंग युनिटमध्ये कॅटॅलिस्टवर काही सेकंदांत कोक, म्हणजे कोळशासारखा थर, बसतो आणि तो जाळून काढायला शेजारी अख्खा रीजनरेटर उभा असतो. गंधक आलं की कॅटॅलिस्ट मरतो, जास्त तापला की त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि कामाचा पृष्ठभाग जातो. मी नंदेसरीला ज्या प्लँटमध्ये आहे तिथे कॅटॅलिस्ट बदलायचा शटडाऊन असला की आठ-आठ दिवस घरी जेवायच्या वेळेला पोचत नाही. न संपणारा असता तर माझी दिवाळी तरी नीट झाली असती.

गोळी आणि ४० टक्के. यावर फार लिहीत नाही. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच, न जळता जातं ते दोन-तीन टक्के. बाकी नुकसान उष्णतेचं, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून. म्हणजे जगातली सगळ्यात भारी गोळी जरी टाकलीत तरी "नीट जाळून" मिळण्यासारखं त्या दोन-तीन टक्क्यांतच आहे, ४० आणणार कुठून? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पेट्रोल वाचवणारी अशी शंभरावर साधनं आणि औषधं तपासली, लक्षात येण्याइतका फायदा देणारं एकही निघालं नाही. मामा म्हणतात त्यांना फरक जाणवला. जाणवणारच, आठशे रुपये घातल्यावर माणूस ॲक्सिलरेटर हळू दाबतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो मुद्दा. कन्व्हर्टर काढा.

हा डबा उघडून बघितला तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, सरळ आरपार बारीक भोकं, एका चौरस इंचात साधारण ४०० असतात. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) खरखरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचे न दिसणारे कण. सगळे मिळून काही ग्रॅमच. इंजिनातून येणारा धूर या भोकांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. तिन्ही कामं एका डब्यात, तेही सेकंदाच्या काही भागात. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड नेमका कसा बसतो आणि ऑक्सिजनला कसा भेटतो हे गेरहार्ड एर्टल या माणसाने वर्षानुवर्षं बसून उलगडलं, २००७ चं नोबेल त्याला पृष्ठभागांवरच्या केमिस्ट्रीसाठीच मिळालं. बाजव्याच्या कारखान्यात अमोनिया होतो तसा लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर नायट्रोजन कसा फुटतो, तेही त्यानेच दाखवलं. म्हणजे आपल्या गाडीतली आणि आपल्या शेजारच्या कारखान्यातली गोष्ट एकाच माणसाच्या टेबलावर होती. आणि वाडीत एक पोरगा ती ग्राइंडरने कापायला निघाला होता.

काढलं तर काय होतं? मामांच्या फ्लॅटचं पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. सकाळी गाडी सुरू करून ते पाच मिनिटं एसी लावून नातवाला घेऊन बसतात, शाळेची वेळ व्हायची असते म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आता कोणी हुशार म्हणेल की थंड कन्व्हर्टर सुरुवातीला काम करत नाही. हो, अडीचशे-तीनशे डिग्री झाल्याशिवाय तो नीट पेटत नाही, म्हणून तर तो हल्ली इंजिनाला चिकटून बसवतात, लवकर तापावा म्हणून, आणि म्हणूनच बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसूच नका, कन्व्हर्टर असो नसो. पण काढून टाकलंत तर पुढचा सगळा दिवस, सुरसागरच्या सिग्नलला, शाळेच्या गेटवर, तुमच्या मागे स्कूटरवर उभ्या असलेल्या माझ्या तोंडावर, इंजिनातला धूर जसाच्या तसा.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण मामांना विज्ञानापेक्षा चलनाची भीती जास्त. प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. "बधा कढावे छे" हे तिथे चालत नाही.

बरं, चिडून का होईना, एक कबूल करते. कन्व्हर्टरमुळे धुराच्या वाटेत थोडा अडथळा येतो हे खरं आहे, पण नव्या गाडीत तो इतका किरकोळ की तुम्हाला कळणारही नाही. आणि कन्व्हर्टर चोक झालेला असेल तर गाडी खरंच दमते, चढाला ओढत नाही, पेट्रोल खाते. तेव्हा तो तपासून बदलायचा. आणि चोक कशाने होतो? इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातल्या फॉस्फरसने, मिसफायर असेल, म्हणजे पेट्रोल इंजिनात न पेटता पुढे जात असेल, तर आतली वीट वितळून, आणि हो, टाकीत टाकलेल्या धातूवाल्या गोळ्यांच्या राखेने. कन्व्हर्टर वाचावा म्हणून तर आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं काढलं, १९९५ ला चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, २००० मध्ये देशभर झालं. शिसं प्लॅटिनमवर बसलं की कॅटॅलिस्ट कामातून गेला. मेकॅनिक साडेतीन हजार का द्यायला तयार होता हे आता वेगळं सांगायला नको, नवा बसवायला गेलात की याच्या कितीतरी पट मोजावे लागतील.

टोळीचा मुद्दा. मला याचाच सगळ्यात राग आला, कारण अशा कॉन्फरन्सेसना मी मागच्या रांगेत बसलेय आणि तिथे लोक एकमेकांना सांभाळून वगैरे घेत नाहीत, प्रश्नोत्तरांत अक्षरशः सोलतात. कॅटॅलिसिस सोसायटी ऑफ इंडिया १९७३ पासून आहे, तिच्या परिषदांत विद्यापीठवाले, सरकारी लॅबवाले, कंपनीवाले सगळे एका हॉलमध्ये असतात. कंपन्या रेसिपी लपवतात का? लपवतात. कुठल्या कॅटॅलिस्टमध्ये काय किती घातलंय हे कोणी फुकट सांगत नाही, संशोधनाला पैसा बराचसा तेल आणि केमिकलवाल्यांचा असतो, तेवढं फॉरवर्डवाल्याला दिलं. पण पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) झिओलाइटचा, म्हणजे अतिबारीक छिद्रं असलेल्या खनिजासारख्या पदार्थाचा, देशी कॅटॅलिस्ट केला आणि १९८० च्या दशकात तो इथे आपल्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीत चालवला, तो दाबून नाही ठेवला, विकला. चालणारा कॅटॅलिस्ट कोणी दाबत नाही हो, त्याचे पैसे करतात.

आणि एकमेकांना सांभाळणं? एकच गोष्ट सांगते. सुझुकी रिॲक्शन, मारुतीवाली नव्हे, जपानच्या अकिरा सुझुकींची, २०१० च्या नोबेलमधली. दोन रेणूंचे कार्बन एकमेकांना जोडणारी ही रिॲक्शन औषधं बनवायला सर्रास वापरतात, पण त्यात कॅटॅलिस्ट म्हणून पॅलेडियम लागतं आणि ते महाग. २००३ मध्ये एका गटाने जाहीर केलं की आमची रिॲक्शन कुठल्याही धातूशिवाय चालते. खळबळ. मग त्याच गटाने पुन्हा कसून तपासलं आणि २००५ मध्ये स्वतःच छापलं की चूक झाली, आम्ही वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होतं. म्हणजे धुण्याच्या सोड्यात. किती? अब्जात ५० भाग, टनभर सोड्यात ५० मिलिग्रॅम. तेवढ्याने रिॲक्शन चालत होती. २०२१ च्या सुरुवातीला 'नेचर कॅटॅलिसिस'मध्ये पुन्हा कोणीतरी तोच दावा केला, धातू नको, नुसतं अमाइन (नायट्रोजन असलेलं एक संयुग) पुरतं म्हणे. काही महिन्यांत दुसऱ्या लॅब्जनी करून बघितलं, अमाइन बनवतानाच त्यात पॅलेडियम शिरलेलं निघालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेपर मागे घ्यावा लागला. जे लोक टनातले ५० मिलिग्रॅम शोधून एकमेकांची इज्जत काढतात, ते सगळे मिळून तुमची डांबरगोळी झाकतायत?

पाण्याचं पेट्रोल. हा रामर पिल्लै, तामिळनाडूचा, १९९६ ची गोष्ट. जडीबुटी आणि पाणी उकळून इंधन करून दाखवायचा, मोठमोठे लोक भुलले. पुढे सीबीआयने पकडलं ते शोध लावला म्हणून नाही, पेट्रोलियमचेच पदार्थ मिसळून हर्बल म्हणून विकले म्हणून, आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. चुलीतल्या राखेवर पुन्हा पोळ्या भाजता येतात का, मामीला विचारा.

तर मामांची गाडी जॅकवरून खाली उतरली. डबा जागेवर आहे. ॲव्हरेज का कमी झालं होतं ते त्याच मेकॅनिकने नंतर बघितलं, टायरमध्ये हवा २२ होती आणि एअर फिल्टर काढला तर त्यात चिमणीचं घरटं व्हायच्या बेतात होतं. नऊ गोळ्या उरल्यात, एक टाकीत गेलीय. पैसे परत मिळतील का म्हणून मी त्या नंबरवर मेसेज टाकलाय. निळ्या टिका चार दिवसांपासून दिसतायत. काल उत्तर आलं, तोच फॉरवर्ड.