फायनान्शियल एडला 'नो' टिक करा म्हणे!

परवा रात्री साडेदहाला दाजींचा फोन. भाची बारावीला आहे, कराडला, अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म भरायचं चाललंय तिचं, आणि दाजींना कुठल्यातरी ग्रुपवर एक मेसेज आलेला. तुमच्याकडेही आला असेल, विमानाचे इमोजी आणि हिरव्या टिका असलेला. "अमेरिकेत शिक्षण 100% फुकट! 90% च्या वर मार्क असतील तर हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड फुल स्कॉलरशिप देतात. फॉर्ममध्ये एड नको असं टिक करा, चान्स दुप्पट, ॲडमिशन झाल्यावर मागता येते. राहण्याजेवणाचा खर्च पार्ट टाइममधून आरामात निघतो." दाजी म्हणाले, "पोरीनं टिक करून पण टाकलंय, बघ जरा बरोबर आहे का." कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन फॉर्म, उघडायला लावलं तर खरंच, फायनान्शियल एड, म्हणजे खर्चाला मदत, हवी का याच्यापुढे 'नो'. सबमिट केलं नव्हतं म्हणून वाचलो.

मार्कांचं आधी उरकतो. हार्वर्ड, एमआयटी मार्कांवर स्कॉलरशिप देतच नाहीत. मार्क लागतात आत शिरायला, आणि नुसत्या मार्कांवर शिरता येत नाही ते वेगळं. मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, मग तुम्ही 90 वाले असा नाहीतर 99 वाले.

आता ते टिकचं, कारण डोकं फिरलं ते त्यानं. काही कॉलेजं नीड-ब्लाइंड असतात, म्हणजे ॲडमिशन द्यायची की नाही हे ठरवताना मुलानं मदत मागितलीय का हे बघतच नाहीत. परदेशी मुलांनाही हाच नियम लावून पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं अख्ख्या अमेरिकेत दहाच्या आसपास, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲम्हर्स्ट, बोडन, आता ब्राउन वगैरे. एमआयटीनं तर स्वतःच्या साइटवर सरळ लिहिलंय की ॲडमिशन सगळ्यांसाठी नीड-ब्लाइंड, परदेशी मुलं धरून, आणि घेतलेल्या प्रत्येकाची पूर्ण गरज भागवणार. मग जी गोष्ट ते बघतच नाहीत ती लपवून चान्स दुप्पट कसा होणार बाबा? मेसेजमध्ये एमआयटीचं नाव स्वतःच घातलंय, साइट उघडून बघायचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

बाकीची बहुतेक कॉलेजं नीड-अवेअर, म्हणजे मदत मागितलीय का हे बघून ठरवणारी. परदेशी मुलांसाठी स्टॅनफर्डसुद्धा त्यातच. तिथे मदत मागितली की चान्स कमी होतो, हे खरंय, एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकतो, नाइलाजानं. पण "नंतर मागता येते" हे कुठून काढलं? यातल्या बऱ्याच कॉलेजांचा नियम असा की परदेशी मुलानं अर्जाबरोबर एड मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. म्हणजे होणार काय, मार्चमध्ये पत्र येणार, अभिनंदन, घरभर पेढे, आणि खाली सगळा खर्च धरून वर्षाचे 85 हजार डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तरी 72 लाख, एका वर्षाचे. दाजींचा दोन एकर ऊस आहे हो! मग एड ऑफिसला रडून मेल करायचा आणि त्यांचं उत्तर येणार की तुम्हीच तर नको म्हणाला होतात. यापेक्षा डिसेंबरात नकार आलेला परवडला. आणि पैसे कुठून येणार हे पहिल्या वर्षापुरतं तरी कागदावर दाखवल्याशिवाय कॉलेज आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद, देत नाही, आय-20 नाही तर व्हिसा नाही.

पार्ट टाइमचं तर हसूच येतं. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, तेही कॅम्पसवरच, पहिल्या वर्षी बाहेर काम करायची परवानगीच नाही. तासाला 12 डॉलर धरा, 30 आठवडे धरा, होतात 7,200 डॉलर. पुस्तकं, मोबाईल, थंडीची जाकिटं यातून निघतील, रूम आणि मेस नाही.

आणि "50% स्कॉलरशिप" वाल्यांनाही लगेच भुलू नका. 80 हजारांच्या निम्मे गेले तरी 40 हजार भरायचेच आहेत. किती माफ झाले ते सोडा, घरातून किती जाणार ते बघा. खरंच फी न घेणारं कॉलेज हवंय तर केंटकीतलं बेरिया आहे, तिथे कुणालाच ट्यूशन फी नाही, बदल्यात प्रत्येकानं आठवड्याला किमान 10 तास कॉलेजचं काम करायचं. परदेशी मुलं मात्र मोजकीच घेतात. ते नाव मेसेजमध्ये नाही, कारण आपल्याकडे ते कुणी ऐकलेलंच नाही.

भाचीचं टिक 'येस' करून घेतलं. आता सीएसएस प्रोफाइल, म्हणजे एडसाठी घरच्या पैशाअडक्याचा फॉर्म, भरायचंय, त्यात जमीन, शेतीचं उत्पन्न, कर्ज सगळं विचारतात, आणि कारखान्याची उसाची बिलं दाजींनी एका कापडी पिशवीत कोंबून ठेवलीयत. रविवारी ती पिशवी घेऊन बसतोय.