एक दणदणीत वाफ

सव्वासातला भाचीचा फोन आला. नुकतीच एकटी राहायला लागली आहे. "मावशी, रात्रीच्या जेवणाला काहीतरी सोपं सांग ना. तुझा तो टोमॅटोभात सांग, दहा मिनिटांत करतेस तो."

दहा मिनिटं हे ऐकून मला बरं वाटलं. खरं तर कांदा चिरणं, झाकण शोधणं आणि सापडलेलं झाकण दुसऱ्याच पातेल्याचं निघणं यातच दहा मिनिटं जातात. पण कौतुक होत असताना हिशेब काढू नये. मी एका दमात सांगून टाकलं, "अगं, काहीच नाही त्यात. कांदा गुलाबी होईपर्यंत परत, टोमॅटो घाल, तेल सुटू दे, पाणी ओत, आधण आलं की तांदूळ वैर, चवीपुरतं मीठ घाल आणि एक दणदणीत वाफ काढ. झालं."

पलीकडे शांतता.

"मावशी, वैर कोणाशी?"

इथेच मी "अंडी उकडून खा" म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण मावशीपणा आडवा आला. वैरणं म्हणजे उकळत्या पाण्यात तांदूळ सोडणं, हे सांगितलं. मग आधण म्हणजे ते उकळतं पाणीच, हे सांगितलं. "मग पाणी उकळल्यावर तांदूळ टाक, असं का नाही म्हणत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या आईकडेही नसतं, पण तिला कुणी विचारायची हिंमत केली नाही.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "कांदा गुलाबी होईपर्यंत म्हणालीस ना? माझा आणल्यापासूनच गुलाबी आहे."

आता यावर काय बोलणार? इतकी वर्षं मी कांदा गुलाबी करत आले आणि कढईत तो गुलाबी झालेला एकदाही पाहिलेला नाही. आधी काचेसारखा होतो, मग पिवळट, मग तपकिरी, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली तर काळा. पाककृतींमध्ये कांद्याला पाच मिनिटं लिहिलेली असतात, ती कोणत्या घड्याळाची कोण जाणे. कांद्यातलं पाणी उडेपर्यंत तो शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही, आणि रंग धरायला साधारण १४० अंश लागतात. या रंग धरण्याला मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे, १९१२ साली त्याने ते मांडलं. चांगला गडद तपकिरी कांदा हवा तर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं. पण हे खरं लिहिलं तर 'सोपं' या सदरात छापणार कोण? मी म्हटलं, "मऊ झाला ना? मग पुढे चल."

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

"कोणाच्या चवीपुरतं? मी अजून चाखलेलं नाही."

"एक चमचा घाल."

"कोणता चमचा? माझ्याकडे चार आहेत."

मापाचा छोटा चमचा पाच मिलिलिटरचा असतो आणि मोठा पंधराचा, म्हणजे चमचा चुकला की मीठ तिप्पट. त्यात बारीक मीठ चमच्यात दाबून बसतं आणि जाड मिठात निम्मी हवाच असते. म्हणून मी फुशारकीने म्हटलं, "थांब, मी चिमटीने घालते तेवढं तुला मोजूनच सांगते." वजनकाटा काढला. पहिली चिमूट टाकली, काट्याने शून्य दाखवलं. दुसरी टाकली, शून्य. तिसरी टाकल्यावर एकदम दोन ग्राम. माझ्या सगळ्या स्वयंपाकाचा आधार असलेली चिमूट त्या यंत्राच्या खिजगणतीतही नव्हती. हे हॉलमधून म्हणाले, "कालच्या भाजीचं कोडं आता उलगडलं." मी ऐकलं नाही.

पाण्याचं मात्र मी ठामपणे सांगितलं. तांदळाच्या वर बोटाचं एक पेर. यावर तिने "कोणाचं बोट?" विचारलं नाही, म्हणून मी देवाचे आभार मानले. तिने विचारलं, "पण तू तर तांदूळ नंतर वैरायचे म्हणालीस, मग आत्ता पेर कशावर मोजू?"

मुलगी हुशार आहे. आमच्या घराण्यात हे कुठून आलं कळत नाही. "एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी," मी शरण गेले. हे आधीच सांगितलं असतं तर दोन फोन वाचले असते.

मग बराच वेळ काही नाही. भात जमला असणार असं समजून मी आमची पानं वाढली. नऊ वाजता फोन.

"मावशी, वाफ काढली."

"शाब्बास. जमला का?"

"खूप वाफ होती. झाकण उघडलं, काढली, पुन्हा ठेवलं. परत जमली, परत काढली. खिडकीसुद्धा उघडली. आठ-दहा वेळा काढली असेल. पण वरचा भात कडकच आहे आणि खालून वास येतोय."

मी डोळे मिटले. वाफ काढणं म्हणजे झाकण घट्ट लावून वाफ आत कोंडणं, हे त्या शब्दांत कुठेही नाही. उलट नेमकं विरुद्ध आहे. त्या पोरीने सांगितलं तेच केलं. वाफ गेली तसं पाणी गेलं, वरचा दाणा कच्चा राहिला आणि खालचा करपला.

"आता काय करू?"

"वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढ, पाण्याचा हबका मार—"

"मावशी."

"थोडं पाणी शिंपड, झाकण लाव, बारीक गॅसवर दहा मिनिटं ठेव. झाकणाला हात लावायचा नाही."

"आणि हे खालचं पातेलं?"

"स्टीलचं आहे ना? ॲल्युमिनियमचं काळं पडेल." स्टीलचंच होतं. "मग करपलेलं बुडेल इतकं पाणी घाल. त्यात खायचा सोडा, मोठे दोन चमचे, सपाट. उकळी आली की बारीक गॅसवर दहा मिनिटं. गॅस बंद करून रात्रभर तसंच ठेव. सकाळी लाकडी उलथन्याने खरवड. तारेची घासणी लावायची नाही, चरे पडतात."

ती लिहून घेत होती. मग म्हणाली, "मावशी, यात अंदाजे काहीच नाही?"

"नाही गं. हे मी खूप वेळा केलंय."