चिकूचं काय करायचं

पक्यानं विषय काढला तो चहाचा दुसरा राउंड सांगून झाल्यावर. पहिल्यात काढला असता तर बिल आपल्यावरच पडेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"चिकूसाठी एखादं शेल्टर आहे का रे कोणाच्या माहितीत? चांगलंसं."

चिकू तिथंच होती. लाँड्रीच्या बंद शटरसमोर, नानांच्या चपलेवर हनुवटी टेकून. चौतीस किलोची लॅब्राडोर एकदा पायावर विसावली की नानांना उठता येत नाही, आणि मग आम्हालाही नानांचे पशुवैद्यकीय दवाखान्यातले किस्से ऐकण्यावाचून सुटका नसते. नाना पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. गाभण म्हशीपासून पक्याच्या लग्नापर्यंत सगळ्याचं निदान ते एकाच स्वरात करतात.

"गुन्हा आहे हा!" देशपांडे.

देशपांडे म्हणजे शेजारच्या सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीकडची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा अशी सुप्रीम कोर्टाची पहिली ऑर्डर आली तेव्हा हा गृहस्थ पेढे वाटायच्या बेतात होता. अकरा दिवसांनी, लस-नसबंदी करून परत सोडा अशी दुसरी आली तेव्हा त्यांनी कट्ट्याशी अबोला धरला, आणि नोव्हेंबरात शाळा-दवाखान्यांच्या आवारातली हटवा अशी आणखी एक आल्यावर पुन्हा खुलले. भटक्या कुत्र्यांना हाकला म्हणणारा माणूस पाळलेल्या कुत्र्यासाठी एवढा कळवळला, हे बघून गणपत किटली हातात धरून उभाच राहिला.

"1960 चा कायदा, कलम 11. पाळीव प्राणी टाकून देणं हा..."

"देशपांडे, उपाशी मरायला रस्त्यावर सोडणं वेगळं आणि संस्थेत जाऊन, सही करून ताब्यात देणं वेगळं," वैशाली म्हणाली. "आणि कलम वाचलंच आहे तर दंडही वाचा. पहिल्या खेपेला 10 ते 50 रुपये."

"दहा रुपये?" गणपत म्हणाला. "माझा चहा पंधराला आहे."

या दोघांचं जुनं आहे. तीन वर्षांपूर्वी देशपांड्यांनी लिफ्टमध्ये कुत्र्यांना मज्जाव करणारी नोटीस लावली होती. वैशालीनं प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक छापून आणलं आणि बरोबर त्या नोटिशीवर चिकटवलं. नुसतं चिकटवलं असतं तर निभलं असतं, पण तिनं नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या चुकाही लाल पेनानं दाखवल्या. पुण्यात माणूस पहिलं विसरतो, दुसरं नाही.

तर पक्या. त्याला कंपनी जर्मनीला पाठवतेय, किमान तीन वर्षं. तिकीट बावीस दिवसांवर. बायको आणि मुलगी बरोबर जाणार, आई इथं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. चिकूनं एका मांजरामागे झेप घेतली तर आई थेट आयसीयूत.

"लॉकडाऊनमध्ये आणताना आई आठवली नव्हती का?" नाना म्हणाले. "तेव्हा बाहेर फिरायला मिळावं म्हणून कुत्रं आणलंस. कुत्रं नव्हे, पास आणलास तू."

पक्या काही बोलला नाही. त्याचं एक आहे, बोलणी खाताना तो मान खाली घालतो आणि बोटानं चिकूच्या मानेवरची ती जागा चोळत राहतो, जिथले केस पट्ट्यानं झिजलेत.

मग आण्णा पाटील सरसावला. आण्णा शिरोळकडचा. प्राण्यांविषयी त्याचं प्रेम जाज्वल्य आहे आणि ते नेहमी दुसऱ्याच्या प्राण्यांवर असतं.

"शेल्टर कशाला? आमच्या शेतावर सोड. मोकळी हवा, दूध-भाकरी. राणीगत राहील."

"तुझा डॉबरमन कुठं आहे आण्णा?" वैशालीनं विचारलं.

"शेतावर."

"शेवटचा कधी बघितलास?"

आण्णानं चहाचा घोट घेतला. फार लांबलचक घोट होता तो.

"महाराष्ट्रातली निम्मी कुत्री शेतावर आहेत," वैशाली म्हणाली. "घरी पोरांना विचारा, टॉमी कुठं गेला? शेतावर. तिथं गडी बदलला की साखळी तीच राहते, भाकरी टाकणारा बदलतो. बिबट्या आला तर पहिला घास साखळीवालाच."

"ए, माधुरी हत्तिणीसाठी नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत पायी चाललोय मी!"

"आणि जिओचं सिमही पोर्ट केलंस. हत्तिणीसाठी नंबर बदललास, डॉबरमनसाठी निदान एक फोन तरी लाव की."

इथं पंधरा मिनिटं माधुरीवर गेली, ती लिहीत नाही. (नांदणी मठाची हत्तीण कोर्टाच्या आदेशानं अंबानींच्या वनतारात गेली, म्हणून लोकांनी जिओ सोडलं, एवढं पुरे.) दोन्ही बाजूंना जे बोलायचं असतं ते तुम्हालाही पाठ आहे. शेवटी देशपांडे म्हणाले, सोशल मीडिया हेच मूळ. त्यावर नेहमीप्रमाणे कोणीच काही बोललं नाही. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा विषय मात्र काढायचा नाही असा कट्ट्याचा ठरावच आहे, मागच्या वेळी दोन कप फुटले होते.

"आपली संस्कृती बघा," देशपांड्यांनी नवं टोक धरलं. "युधिष्ठिरानं कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री. आपल्याकडे म्हाताऱ्या-जखमी जनावरांसाठी पांजरपोळ होते, शेल्टर वगैरे पाश्चात्त्य थेरं."

"पांजरपोळ कसा निघाला माहितीये?" नाना चपलेवरच्या चिकूला न हलवता म्हणाले. "1832 साली मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस. मग काय, बक्षिसाच्या लोभानं शिपाई पाळलेलीही उचलायला लागले. पारशांनी फोर्टमध्ये दंगा केला. साहेबाच्या राज्यात, पारशांनी! त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि बाकीच्या शेटजींनी भुलेश्वरचा पांजरपोळ काढला. म्हणजे तुमची संस्कृती रस्त्यावर मरणाऱ्या जनावरासाठी होती, देशपांडे. जर्मनीला जाणाऱ्याच्या लॅब्राडोरसाठी नाही."

पक्या म्हणाला, "नाना, मग मी करू काय?"

नाना गप्प. त्यांना दोष द्यायला जमतं, उपाय विचारला की ते म्हशीकडे वळतात.

वैशाली दर रविवारी गावाबाहेरच्या एका शेल्टरला जाते. नाव घेत नाही, कारण ती माणसं मरमर मरतात आणि त्यात आमच्यासारख्यांनी नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी गेटला कुत्री बांधलेली सापडतात. खरंच बांधलेली. पहाटे, गादीसकट. एकदा खाद्याची पंधरा किलोची पिशवी, चेंडू आणि 'याला विमान आवडत नाही' अशी चिठ्ठी.

"शेल्टर म्हणजे तुला वाटतं हिरवळ, पाट्या, फोटो," ती पक्याला म्हणाली. तिचा आवाज त्याच्याशी चढला नव्हता, हे मला तेव्हाच जाणवलं. "ते सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डसारखं असतं रे. मागचे पाय गेलेली, गाडीखाली आलेली, डोळा फुटलेली कुत्री आधी. दोघांच्या पिंजऱ्यात पाच. पार्व्होच्या साथीचं एक आजारी पिल्लू आत आलं की सगळी रांग बंद करून ब्लीच मारत बसायचं. त्यात तुझी ही पलंगावर झोपणारी. तिला रात्री चाळीस जण एकदम भुंकल्याचं माहीतच नाही."

मग तिनं ती गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी एक गोल्डन रिट्रीव्हर आला होता. रीतसर, फॉर्म भरून. नाव, वय, लशी, सगळं लिहिलेलं. आठ दिवस तो जागचा हलेना. हाक मारली की कान सुद्धा हलत नसे, डॉक्टर म्हणाले बहिरा असावा. एका रविवारी एक मुलगी पिंजऱ्याशी उभं राहून फोनवर आईशी बोलत होती. तेलुगूत. बोलता बोलता तिनं मागून येणाऱ्या धाकट्या भावाला हाक मारली, "रा, रा." गोल्डन ताडकन उठला आणि जाळीशी आला.

"फॉर्मवर घरात कुठली भाषा बोलता असा रकानाच नव्हता," वैशाली म्हणाली. "आम्ही आठ दिवस त्याला मराठीत समजावत होतो."

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. गणपतनं न सांगता खारी आणून ठेवली.

"ग्रुपवर टाकू का?" आण्णाला शांतता झेपत नाही. "लॅब, मादी, मोफत देणे आहे, चांगलं घर पाहिजे."

"नसबंदीचं ऑपरेशन झालंय का तिचं?" वैशालीनं विचारलं.

"नाही," पक्या म्हणाला.

"मग उद्या सकाळपर्यंत दहा फोन येतील आणि त्यातल्या आठांना चिकू नको असेल, पिल्लं हवी असतील. फुकटात मादी मिळाली तर वर्षाला दोन विणी काढतील, थकली की हाय-वेला. आधी तिचं ऑपरेशन कर. मग जाहिरात. आणि फोटो बघून द्यायचं नाही. स्थळ बघायला जातात तसं जायचं. चहा-पोहे खायचे, बाल्कनी बघायची, घरात भाडेकरार कितीचा आहे विचारायचं, सासूला कुत्रं चालतं का ते सासूला विचारायचं, सुनेला नाही. पंधरा दिवस राहू दे. नाही जमलं तर परत घेऊ असं लिहून द्यायचं. डॉक्टरांच्या दवाखान्यात फळा असतो, त्यांना विचार. ज्यांचं म्हातारं कुत्रं गेलंय अशी घरं त्यांनाच माहीत असतात."

"बावीस दिवसांत एवढं होईल?"

"नाही होणार. म्हणून तर विचारतेय, बरोबर का नेत नाहीस?"

पक्या चमकला. नेता येतं हे त्याला माहीत होतं, पण कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं होतं की फार भानगड असते, आणि भानगड म्हटल्यावर हा गडी पुढे वाचत नाही. इंजिनिअर आहे.

वैशालीनं त्याच्याकडून चिकूचं लशींचं पुस्तक मागितलं. ते गाडीच्या डिकीतच होतं, शेल्टरला दाखवायला म्हणून आणलेलं. पहिल्या पानावर पक्याच्या मुलीनं स्केचपेननं काढलेलं कुत्रं, त्याला पाच पाय. (पाचवा पाय म्हणजे शेपूट, असं पक्यानं घाईघाईनं सांगितलं.) पुढे बाटल्यांवरची सोलून चिकटवलेली लेबलं, डॉक्टरांच्या सह्या, शिक्के. रेबीजचं शेवटचं लेबल 2023 चं. पुढची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली, समोर जागा कोरी.

"हे बघ," ती म्हणाली, "चुकवलीस. त्यामुळे आता पहिल्यापासून. आधी मायक्रोचिप. मग रेबीजची लस. हा क्रम उलटा झाला तर युरोपवाले लस धरत नाहीत. त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, ते त्यांनी मान्य केलेल्या लॅबमध्ये जातं, तिथं अँटिबॉडी 0.5 किंवा त्याहून जास्त आल्या पाहिजेत. आणि रक्त घेतल्या दिवसापासून 3 महिने थांबायचं. मग सरकारी क्वारंटाइन खात्याचा दाखला आणि विमान."

"म्हणजे चार महिने."

"चार, साडेचार. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण तू नवीन सोफ्याचे फोटो परवा दाखवत होतास."

"हे सगळं तुला कसं माहीत?" देशपांड्यांनी संशयानं विचारलं, जणू वैशाली कुत्र्यांची हवाला एजंट आहे.

"परिपत्रकं वाचते मी. पूर्ण."

देशपांड्यांनी खारीचा तुकडा तोंडाशी नेला तो चिकूनं अध्येमध्ये उचलला. कधी उठली, कधी पोचली, कळलंच नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा नानांच्या चपला मोकळ्या झाल्या आणि नानांना एकदम पोरकं झाल्यासारखं दिसलं.

तर प्रश्न उरला साडेचार महिन्यांचा. कुत्र्यांच्या हॉस्टेलचा दर पक्यानं काढला, रोजाचे आठशे, आणि साडेचार महिन्यांनी गुणून तो घामाघूम झाला. नाना म्हणाले, मी घेतली असती, पण सून. आण्णानं शेत म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वैशाली म्हणाली, दोन महिने माझ्याकडे, लस आणि रक्त माझ्या डोळ्यांदेखत झालेलं बरं. उरलेले अडीच महिने?

सगळे माझ्याकडे का बघतात ते मला माहीत होतं. मांजर.

चवथीत असताना वडिलांनी आणि मी मिळून आमची भुरी मांजरी पोत्यात घालून नदीपलीकडच्या मासळी बाजारात सोडली होती. तिथं खायला भरपूर मिळेल असं वडील म्हणाले. तेव्हाचं ते शेल्टरच. वर्षानुवर्षं मी ही गोष्ट कट्ट्यावर विनोद म्हणून सांगत आलोय, कारण भुरी तिसऱ्या दिवशी आमच्या आधी ओट्यावर हजर होती आणि आईनं वडिलांना विचारलं होतं, "तुम्हाला कधी सोडू?" चौथ्या दिवशी आम्ही तिला पुन्हा सोडली, जास्त लांब. हा भाग मी सांगत नाही. एकदाच सांगितला होता, पावसात, वैशालीला.

ती आत्ता काही म्हणाली नाही. नुसती लशींच्या पुस्तकाची पानं चाळत बसली.

"बरं, माझ्याकडे," मी म्हणालो. "पण घरी अजून विचारलेलं नाही."

"सासूला विचार," नाना म्हणाले, "बायकोला नाही."

मग पक्याला अचानक काळजी लागली की तिकडे लोक जर्मनमध्ये बोलणार, चिकूला कळणार कसं. आण्णानं सुचवलं, आत्तापासून शिकवणी लावू. "बस" ला "झिट्स" म्हणायचं. आण्णा चिकूसमोर उकिडवा बसून "झिट्स" ओरडला, तर चिकूऐवजी गणपतच्या हाताखालचं पोरगं दचकून स्टुलावर बसलं. त्यानंतर कोणाला काही बोलता येईना. नानांचा चष्मा खारीच्या बशीत पडला.

"आणि तिकडे कुत्रं पाळलं की नगरपालिकेला कर भरावा लागतो," पक्या डोळे पुसत म्हणाला. "दर वर्षी. दुसरं कुत्रं घेतलं की बहुतेक ठिकाणी त्याला जास्त."

हसणं विरत असताना लक्षात आलं, देशपांड्यांनी खिशातून डायरी काढली होती.

"साधारण किती असतो?" त्यांनी विचारलं. "पर फ्लॅट, की पर कुत्रा?"