आवटी साहेबांच्या नावावर फिरणारा तो मेसेज

परवापासून एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच चार ग्रुपवर आला. त्यात लिहिलंय की व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, महावीर चक्र विजेते, हे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, बोट परदेशातून आणलेली, अन् वाटेत कुठेच थांबले नाहीत. खाली आपल्याच नागपूरच्या कोणीतरी जोडलंय की हे समुद्राकाठच्यांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळणार. पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच आहे हे दिसतं, पण माणूस एवढा मोठा असताना त्याच्या नावावर दुसऱ्यांची कामं कशाला लावायची, म्हणून लिहायला बसलो.

प्रदक्षिणा आवटींनी केली नाही. ती केली कमांडर दिलीप दोंदे यांनी, ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये मुंबईलाच परत. आवटींनी काय केलं ते मेसेजमध्ये आलंच नाही. ते १९८३ साली नेव्हीतून रिटायर झालेले, तरी एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडावर जग फिरून यावं हा ध्यास त्यांनी सोडला नाही, नेव्हीच्या मागे लागून त्यासाठी 'सागर परिक्रमा' ही मोहीम मंजूर करून घेतली, अन् २००६ मध्ये दोंदेंनी हात वर केला तेव्हा आवटींचं वय ऐंशीच्या घरात होतं! आपल्याकडे या वयात लोकांना जिना चढू देत नाहीत.

आता ही प्रदक्षिणा म्हणजे नुसतं फिरून येणं नाही हो. जिथून निघाले तिथेच परत यायचं, विषुववृत्त ओलांडायचं, सुएझ किंवा पनामा कालव्याचा शॉर्टकट घ्यायचा नाही, म्हणजे आफ्रिका अन् दक्षिण अमेरिका दोन्हींच्या खालून वळसा आलाच, अन् अंतर कमीत कमी २१,६०० सागरी मैल. हा आकडा कुठून आला तर पृथ्वीचे ३६० अंश गुणिले ६०, कारण सागरी मैल म्हणजे अंशाचा साठावा भाग. किलोमीटरमध्ये साधारण ४०,०००.

"कुठेच थांबले नाहीत" हे तर दोंदेंनाही लागू नाही. ते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली अन् केपटाउन अशा चार बंदरांत थांबले होते. न थांबता जाऊन आले ते नेव्हीचेच अभिलाष टॉमी, नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३. दोंदेंनी वाट पाडली, टॉमींनी ती एका दमात पार केली, दोघांना एकाच वाक्यात कोंबू नका.

बोट परदेशी होती हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. डिझाइन डच होतं हे खरं, पण दोंदेंची ही बोट, 'म्हादेई', बांधली गोव्यात, दिवार बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. लाकूड अन् फायबरग्लासची ५६ फुटी बोट, नाव आपल्याच म्हादई नदीवरून. दोंदे ज्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले, त्यांनी १९६८-६९ मध्ये जगात पहिल्यांदा एकट्याने न थांबता प्रदक्षिणा केली, अन् त्यांची 'सुहैली' ही बोट कुठे बांधलेली? मुंबईत! आपल्या सुतारांच्या हातात हे केव्हापासून आहे अन् आपणच लिहितो की बोट बाहेरून आणली.

चक्राचं म्हणाल तर महावीर नाही, वीर चक्र. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे आयएनएस कमोर्टा या युद्धनौकेवर आवटी कॅप्टन होते.

आता ती शेवटची ओळ. रिटायर झाल्यावर आवटी राहायला कुठे गेले माहितीये? फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावी, सह्याद्रीच्या अलीकडच्या दुष्काळी पट्ट्यात, जिथून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही. २०१८ च्या मे महिन्यात नेव्हीच्या सहा मुली 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून प्रदक्षिणा करून आल्या तेव्हा ते हयात होते, अन् त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विंचुर्णीतच वारले, ९१ व्या वर्षी. अन् आपल्याला कळत नाही कसं? कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये असताना आम्ही नागपूरच्या अंबाझरी तलावावरच शीड धरायला शिकलो, वारा पडला की बोट तलावाच्या मधोमध तशीच उभी, ऊन डोक्यावर, अन् सर काठावरून ओरडायचे की वल्ह्याला हात लावायचा नाही, वाऱ्याची वाट पाहा. दोंदेंनी महासागरात महिनोन्‌महिने एकट्याने काय केलं असेल याचा अंदाज मला तिथे आला, कोकणात नाही. तर राजेहो, मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर बाकीच्या दुरुस्त्या सवडीने करा, ती शेवटची ओळ तेवढी आधी काढा.